टाकी सोडून पाइपगॅस: भाकरीच्या बाजूनं लिहिलेला अनुभव

पाइपगॅसला मी आज पाचपैकी साडेतीन देते. दिवाळीत विचारलं असतं तर एक दिला असता, तोही नाइलाजानं. कनेक्शन कसं घ्यायचं, अर्ज कुठं भरायचा, मीटर कुठं बसवतात, हे सगळीकडं लिहिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय भाकरीबद्दल. पाइपगॅसवर आजवर जेवढं वाचलं त्यात चहा किती मिनिटांत होतो, कुकरच्या शिट्ट्या किती आणि बिल किती, एवढंच असतं. रोज ज्वारी थापणाऱ्या घराचा विचार कुणी केलेलाच नाही.

ह्यांची बदली लातूरहून छत्रपती संभाजीनगरला झाली. भाड्यानं जो फ्लॅट मिळाला त्यात पाइपगॅस आधीच आलेला होता. घरमालकानं घर दाखवताना हॉलच्या आधी स्वयंपाकघरातला पिवळा पाइप दाखवला. त्या पाइपाचे वेगळे पैसे भाड्यात धरले असावेत अशी माझी शंका आहे आणि ती अजून गेलेली नाही.

पहिला चटका लातूर सोडतानाच बसला. गाव बदललं की टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यायचं, मग अनामत परत मिळते. पण मिळते ती कनेक्शन घेताना कागदावर लिहिलेली. आमचं कनेक्शन लग्नानंतरचं, त्या वेळची अनामत आजच्या मानानं चिल्लर. जून २०२२ पासून नव्या ग्राहकाला १४.२ किलोच्या एका टाकीमागं २२०० रुपये भरावे लागतात, त्याआधी १४५० होते. रेग्युलेटरचे १५० चे २५० झाले. आमच्या हातात जी रक्कम आली तिच्यात आज अर्धी टाकीही बसत नाही. इतकी वर्षं बिनव्याजी ठेवलेले पैसे. असो. व्हाउचर मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. पुढं पाइपगॅसशी भांडताना त्या कागदाचा मोठा आधार वाटला.

लाइटबिलाचं फार लिहिण्यासारखं नाही. तिकडं महावितरण, इकडंही महावितरण. मीटर घरमालकाच्या नावावर आहे आणि राहणार. चावी घेतली त्याच वेळी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्याला पाठवला. भाडेकरूनं एवढं केलंच पाहिजे, नाहीतर आधीच्या बिऱ्हाडाचे युनिट आपल्या गळ्यात. घर विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच बघावं, कारण जुन्या मालकाची थकबाकी जागेवरचा बोजा म्हणून नव्या मालकाकडं येऊ शकते. केरळच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये सांगितलं की नियमात तशी तरतूद असेल तर वसुली करता येते. आपल्याकडच्या वीज पुरवठा संहितेत, वारसदार सोडून बाकीच्यांसाठी, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती ठेवलेली आहे. हे माझ्या भावाला माहीत नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवते.

वीज कुणाची घ्यायची हे निवडायचा प्रश्नच नव्हता. इथले जुने लोक सांगतात की २०११ ते २०१४ शहराचं वीजवितरण जीटीएल या खासगी फ्रँचायझीकडं होतं, पण तेव्हाही तुम्हाला कोण पाहिजे असं ग्राहकाला कुणी विचारलं नव्हतं. मुंबईच्या उपनगरात टाटा का अदानी असं ठरवता येतं. माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिनं घर बदललं तेव्हा त्या घराला आधीपासून जी कंपनी वीज-गॅस देत होती तीच आपोआप तिची झाली. तिनं मीटरचे आकडे कळवले, दर पटला नाही, तर फोनवरूनच दुसरी कंपनी धरली. २०२२ पासून तिकडं हा बदल कामाच्या पाच दिवसांत व्हायला पाहिजे असा दंडक आहे. तार तीच, पाइप तोच, बिल पाठवणारा तेवढा बदलतो. ऐकून मला हेवा वाटला. मग तिनंच सांगितलं की २०२१ मध्ये घाऊक गॅसचे भाव भडकले तेव्हा तिकडच्या पंचवीसहून जास्त कंपन्या बुडाल्या आणि त्यांची गिऱ्हाइकं नियामकानं दुसऱ्या कंपन्यांकडं सोपवली. गॅस कुणाचा बंद पडला नाही, पण स्वस्तातला करार गेला तो गेलाच.

इकडं पाइपगॅसला एका क्षेत्रात एकच कंपनी, नियामक मंडळाच्या बोलीतून ठरलेली. म्हणजे माझ्यापुढं प्रश्न एवढाच होता: टाकी का पाइप. आणि टाकी तर मी लातूरला देऊन आले होते.

आता भाकर.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पण शेगडी जोडून देणाऱ्या पोरांना माहीत नसतं म्हणून लिहिते. भाकरीला आंच दोनदा लागते आणि दोन्ही वेळा वेगळी. आधी तव्यावर. तवा कडक तापलेला पाहिजे. भाकर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची. मग थेट जाळावर. तवा बाजूला करायचा आणि भाकर जाळावर धरायची, तेव्हा आतली वाफ कोंडून ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. सगळा खेळ गरम पाण्याचा, हाताचा आणि आंचेचा. तवा पुरता तापला नसेल तर भाकर भाजायच्या आधी वाळते, वाळली की कडा चिरतात, चिरल्या की वाफ तिथून निघून जाते. मग तिला जाळावर धरा नाहीतर देवापुढं धरा, फुगत नाही.

आमच्या मोठ्या बर्नरची आंच म्हणजे निळी, देखणी आणि निरुपयोगी. तवा तापायला इतका वेळ लागायचा की परातीतलं पीठ मागं गार होऊन बसायचं. त्याच शेगडीच्या लहान बर्नरवर मात्र दूध बघता बघता उतू जायचं. सासूबाई पहिले काही दिवस काही बोलल्या नाहीत. मग एकदा ताटातली भाकर उचलून म्हणाल्या, "अगं माय, ही भाजली का उन्हात घातली?" ज्वारी आमची घरची, लातूरहून आलेली, दळून आणलेली ताजी. पिठाला नाव ठेवायला जागा नव्हती. राहिला हात नाहीतर गॅस, आणि हात माझा आहे.

तक्रारीसाठी फोन लावला की आधी गाणं, मग आकडे दाबा, मग तक्रार क्रमांक. ठेकेदाराचा पोरगा आला. त्यानं बटण फिरवलं, आंच बघितली आणि म्हणाला, "मॅडम, पाइपगॅसची आंच अशीच असते. सवय होईल." पाणी कमी आलं की सवय करा, लाइट गेली की सवय करा, हे ऐकत आम्ही मोठे झालो. आता भाकरीचीही सवय करायची! मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला आण, तिनं या शेगडीवर एक भाकर फुगवून दाखवावी, मी तक्रार मागं घेते. तो हसला. तक्रार मात्र 'निवारण झाले' म्हणून बंद केल्याचा संदेश त्याच संध्याकाळी मोबाइलवर आला. परत फोन, परत गाणं, परत तेच. एकानं बर्नर ब्रशनं घासून दिला. दुसऱ्यानं सुचवलं की तवाच बदला. माझा तवा लोखंडी, आईनं दिलेला, तो बदलायला सांगणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

या भांडणात जी माहिती पदरात पडली ती देते. टाकीतला गॅस आणि पाइपातला गॅस एक नाही. टाकीत प्रोपेन-ब्युटेन, पाइपात मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानात टाकीच्या गॅसची उष्णता अडीच पटीहून जास्त. शिवाय टाकीच्या रेग्युलेटरमधून तो साधारण ३० मिलिबार दाबानं येतो, पाइपातून शेगडीपर्यंत २१ मिलिबारनं. म्हणून पाइपगॅसला जेटचं, म्हणजे बर्नरखाली ज्यातून गॅस सुटतो त्या बारक्या तोटीचं, भोक मोठं लागतं. जुनी शेगडी जोडताना नवी जेटं घालतात किंवा जुन्यांचीच भोकं वाढवतात. मोठ्या बर्नरचं जेट वेगळं, लहानाचं वेगळं. पाइपगॅससाठी बनवलेल्या शेगड्यांना तर वेगळं भारतीय मानकच आहे, आयएस १७१५३, २०१९ सालचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तसली शेगडी घेतली आणि त्या खूश आहेत. मला किंमत ऐकून घेववली नाही. चांगली चालणारी शेगडी घरात असताना कंपनीच्या गॅससाठी मी का खर्च करू?

त्यातच थंडीत एकदा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं बाहेरची गॅसची लाइन तोडली. सगळ्या सोसायटीचा गॅस बंद. टाकीवाल्या घरात एक टाकी संपली तर शेजारची रिकामी नसते, मागून आणता येते. पाइपगॅस गेला की सगळ्यांचाच जातो, मागायचं कुणाकडं? ह्यांनी घाईघाईनं इंडक्शन आणलं. त्यावर वरण झालं, भात झाला, सकाळी मुरमुऱ्यांची सुशीलासुद्धा झाली. भाकर नाही. तव्यावर कशीबशी भाजता येईल, पण इंडक्शनला जाळ नाही, फुगवायची कशावर? ते दिवस आम्ही पोळ्यांवर काढले. सासूबाईंनी त्या खाल्ल्या, पण जेवण झालं असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

इंडक्शन आता माळ्यावर आहे आणि तिथंच बरं आहे. पाइप काढून टाका, इंडक्शन स्वस्त पडतं, असं सांगणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. एका टाकीवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढा इंडक्शनवर करायला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) धरून साधारण सहा रुपयांना पडतात. १०१ ते ३०० मधलं युनिट अकराच्या आसपास जातं. वरून १६ टक्के वीज शुल्क. आमच्यासारख्या घरात पंखे, फ्रिज आणि पंपाचा वाटा यांतच शंभर युनिटं संपतात, म्हणजे इंडक्शनचं प्रत्येक युनिट महागातलं. सव्वाशेच युनिट धरली तरी दीड हजाराच्या वर जातं, आणि टाकी हजाराच्या आत येते. एकट्यादुकट्या माणसाचं, ज्याचं बिल शंभराच्या आतच राहतं त्याचं, बरोबरीत सुटेल. माझ्या डोळ्यांदेखत मीटर शंभराच्या पुढं पळालेला मला बघवत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी वापरलेली माणसं आम्ही, मीटर नसला तरी मोजून वापरतो, असला की विचारूच नका.

इथवर मजकूर आधीच लिहून ठेवला होता आणि खाली एक गुण द्यायचा होता. मग गोष्ट फिरली.

लाइन दुरुस्त झाल्यावर गॅस परत सोडायला जो माणूस आला तो आधीच्यांतला नव्हता. वयानं मोठा, हातात साबणाच्या पाण्याची बाटली. घरोघर जोडावर फेस लावून गळती बघत होता. आमच्या घरी आला तसा मी त्याला शेगडीपुढं उभा केला आणि सगळी कथा ऐकवली. त्यानं मधे तोंड घातलं नाही. पिशवीतून पाणी भरलेली यू आकाराची नळी काढली, पाइपाला जोडली आणि दोन्हीकडच्या पाण्यातला फरक मोजला. २१ मिलिबार म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर पाणी, हे मला त्यानंच सांगितलं. फरक बरोबर तेवढाच होता. म्हणाला, "ताई, प्रेशर तो बराबर है." मी मनातल्या मनात नव्या भांडणाची तयारी करत होते, तेवढ्यात त्यानं दोन्ही बर्नर उचलले, पान्यानं जेटं काढली, खिडकीकडं धरून बघितली आणि हसला. "जेट उलटे लगे है. बडे का छोटे में, छोटे का बडे में."

झालं. जागा बदलल्या, पाच मिनिटांचं काम. लहान बर्नर शांत झाला, दूध माणसासारखं तापायला लागलं. आणि मोठ्यावर तवा तापला तो असा की पहिलीच भाकर जरा करपली, कारण माझा हात मंद आंचेला लागलेला. दुसरी टाकली, उलटली, जाळावर धरली. टम्म. पापुद्रा वर, वाफ आत. त्या माणसाला मी बसवून भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. नको नको म्हणत त्यानं दोन खाल्ल्या. पैसे घेतले नाहीत.

म्हणजे गॅस चांगला होता. जोडणाऱ्यानं शेगडी जोडून आंच न बघता सही घेतली, आणि नंतर आलेल्यांनी बर्नर उचलून आत डोकावायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. एक गुणाचे साडेतीन त्या साबणाच्या बाटलीवाल्यामुळं झाले. तेव्हा नव्यानं पाइपगॅस घेणाऱ्यांनी शेगडी जोडून झाल्यावर लगेच कागदावर सही करू नका. दोन्ही बर्नर मोठे करून बघा. मोठा लहानापेक्षा मंद असेल तर तिथंच जेटं काढायला लावा. चहा करून बघू नका, चहा कशावरही होतो. भाकर टाका.

पूर्ण पाच का नाहीत, तर बिलामुळं. रकमेबद्दल तक्रार नाही. १४.२ किलोच्या टाकीची उष्णता पाइपगॅसच्या साधारण १८ ते १९ घनमीटरमध्ये येते. आपल्या बिलावरच्या दराला एवढ्यानं गुणायचं आणि टाकीच्या भावाशी ताडून बघायचं. आमच्याकडं पाइप थोडा स्वस्त पडतो. टाकी जिन्यानं वर आणणाऱ्याला द्यावे लागणारे वरचे पैसे धरले तर आणखी. राज्यानं एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला, त्याचाही हातभार असणार. पण टाकी महागली की बातम्यांत येतं. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले तेव्हा सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाइपगॅसचा दर बदलला की तो बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बदलतो आणि चष्मा लावून आपणच हुडकायचा.

खरा राग ठरावीक आकाराचा. सुट्टीत आम्ही सगळे लातूरला होतो, घराला कुलूप, शेगडी पेटली नाही. तरी बिल आलं. रक्कम मोठी नाही, ह्यांच्या मते एका भाजीची जुडी. पण टाकी आपण गावाला गेलो म्हणून कधी पैसे मागत नाही. ती बिचारी कोपऱ्यात तशीच बसून राहते आणि परत आलो की तेवढाच गॅस देते. मीटर हलला नाही तरी पैसे, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. कापलेल्या दीड गुणातला अर्धा त्या एका ओळीसाठी आहे आणि तो परत देणार नाही.

बाकी सोय आहे, खोटं कशाला बोलू. पाहुणे जेवायला बसलेत आणि टाकी संपली, हे बंद झालं. नंबर लावणं, ओटीपी सांगणं, टाकी येणार म्हणून दुपारभर घरात अडकून बसणं, सगळं बंद. धोक्याचं म्हणाल तर हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, टाकीचा गॅस जड असल्यानं जमिनीलगत साठतो. म्हणून आता खिडकीची वरची झडप उघडी ठेवतो. सासूबाई रात्री झोपायच्या आधी अजूनही "टाकी बंद केली का" विचारतात आणि उठून पाइपाची पिवळी दांडी आडवी करून येतात. ती सवय मी मोडणार नाही, चांगलीच आहे.

आता ह्यांना पाइपगॅसवर गीझर पाहिजे. वरच्या मजल्यावर एकानं बसवलाय, बिल कमी येतं म्हणे. गॅसच्या गीझरला मोकळी हवा नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. आमच्या बाथरूमला वीतभर झरोका आहे. मी ह्यांना म्हटलं, आधी घरमालकाकडून मोठी खिडकी पाडून आणा, मग गीझरचं बोलू.